चौदा रजिस्टरं, एक मॉडेल आणि शेऱ्यातला ‘बा’

कोरा_चहा | ९ नोव्हेंबर, २३:१०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी सॉफ्टवेअरवाला. पंधरा वर्षं बँकांसाठी कोड पाडला, वैद्यकीतलं ओ की ठो कळत नाही. शाळेतला एक मित्र डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी ट्रस्टच्या दवाखान्यात असतो. तो तिथं रुजू झाला २०१९ ला. त्याच्या आधीची, २००८ ते २०१८ ची, ओपीडीची चौदा रजिस्टरं माळ्यावर पडून होती. दोनांना वाळवी लागलेली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या दोन पोरांना बसवून पानन् पान फोटो काढले आणि एक्सेलमध्ये टाइप करून घेतलं. तारीख, नाव, गाव, वय, वजन, बीपी, तक्रार, औषध, शेरा. साधारण एकतीस हजार ओळी झाल्या.

मित्राचं म्हणणं, "यातून पेपर निघेल रे, तू ते मशीन लर्निंग का काय ते लाव." लावलं, म्हणजे जुन्या नोंदींवरून कोण बरं होईल याचा अंदाज बांधणारं मॉडेल केलं. ३० दिवसांत त्याच तक्रारीसाठी परत आला नाही तर पेशंट बरा, आला तर नाही, असं धरलं.

पहिला धक्का: निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं बीपी १२०/८०. दुसरा: गावात ४० आणि ४५ वर्षांची माणसं खंडीभर, ४१ ची औषधालाही नाहीत. तिसरा धक्का मोठा आहे. शेऱ्याच्या कॉलमात बऱ्याच ठिकाणी नुसतं "बा" लिहिलंय. (टिंबं, शून्यं, तिरक्या रेघा असला कचरा मी आधीच स्क्रिप्टनं उडवला होता.) आणि पेशंट बरा होणार का हे ओळखायला मॉडेलला सगळ्यात कामाचं वाटतंय ते वय नाही, आजार नाही, तर हे "बा". "बा"वाले पेशंट इतरांपेक्षा भराभर बरे होतात!

मित्राला याचा अर्थ माहीत नाही. आधीचे डॉक्टर हयात नाहीत. तर, हा डेटा कामाचा आहे की रद्दीत द्यायचा? आणि "बा" म्हणजे काय असेल?

खडूस_आजोबा | ९ नोव्हेंबर, २३:२५

बाबांची कृपा. अंगारा दिला असणार. पुढचा प्रश्न?

कातरवेळ | ९ नोव्हेंबर, २३:४१

बाळंतीण? बालक?

कोरा_चहा | ९ नोव्हेंबर, २३:४८

@कातरवेळ, "बा"वाल्यांत अर्धे पुरुष आहेत, तेही तिशी-चाळिशीचे.

खडूस_आजोबा | ९ नोव्हेंबर, २३:५०

मग बाळंतीण असेल तर नोबेल तुमचंच.

निळी_शाई | १० नोव्हेंबर, ०६:३०

मी सव्वीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. "बा"चं माहीत नाही, पण १२०/८० चं मी सांगते, कारण ते मीही लिहिलंय.

सकाळी नऊ ते एक ओपीडी. बाकावर, पायरीवर, झाडाखाली मिळून शंभर-सव्वाशे माणूस. बीपीचं यंत्र एक, त्याचा फुगा गळका, दाबायला लागलं की फुस्स. मोठे साहेब तपासणीला आले की कॉलम रिकामा दिसता कामा नये. मग काय करणार? ज्याला चक्कर येतेय, डोकं दुखतंय, जो आधीचा बीपीवाला आहे, त्याचं नीट मोजायचं. खरूजवाल्याचं १२०/८०. म्हणजे तुमच्या रजिस्टरात १२०/८० चा अर्थ "मोजलं नाही, माणूस चालत आला आणि चालत गेला" असा घ्या.

वयाचं तर विचारूच नका. "आजी, वय किती?" "लिही बाई तुझ्या मनानं." मग मी चेहरा बघून साठ लिहायची. आजी खूश झाली तर पुढच्या वेळी पंचावन्न.

एक विचारते, ती शून्यं कशाची होती? आम्ही शेऱ्यात उगाच शून्य काढत नसू.

मोजपट्टी | १० नोव्हेंबर, ०९:१५

निळीताई, तुमचा प्रतिसाद फ्रेम करून आमच्या विभागात लावायला हवा. मी बायोस्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे वैद्यकीय आकडेवारीच्या शास्त्रात आहे. आमच्याकडे येणारी पोरं थेट मॉडेलपासून सुरुवात करतात. रजिस्टर कुणी, कुठं बसून, किती घाईत भरलं हे एकालाही विचारावंसं वाटत नाही.

कोरा_चहा, वयाच्या भानगडीला मोजमाप आहे. व्हिपलचा निर्देशांक म्हणतात. २३ ते ६२ वर्षांच्या माणसांत शून्य किंवा पाचवर संपणारी वयं किती, ते मोजायचं, त्याला पाचनं गुणायचं, एकूण माणसांनी भागायचं आणि शंभरनं गुणायचं. १०० आलं तर लोक वय नीट सांगतायत, ५०० आलं तर सगळेच गोल आकडा ठोकतायत. जनगणनेवाले हे फार पूर्वीपासून वापरतात. तुमचा किती येतो ते कळवा.

बीपीचे शेवटचे आकडे बघा. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे तिथं विषम आकडा यायलाच नको. एखाद्या वर्षापासून १३७, १२९ असले आकडे दिसायला लागले तर तिथं डिजिटल यंत्र आलं असं समजा.

आणि आता मुद्द्याचं. "परत आला नाही म्हणजे बरा" हे कुणी ठरवलं? माणूस परत येत नाही याची चार कारणं असू शकतात: बरा झाला, दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, गाव सोडून गेला, किंवा वर गेला. मॉडेलला हे चौघे सारखेच. अमेरिकेत न्यूमोनियाच्या पेशंटांवर एक मॉडेल केलं होतं, ते सांगायला लागलं की दमा असेल तर न्यूमोनियानं मरायचा धोका कमी. का? तर दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला सरळ आयसीयूत हलवायचे. मॉडेलनं पाहिलं ते खरंच होतं, त्याच्या भरवशावर दमेकऱ्याला घरी पाठवलं असतं तर मात्र संपलं. तुमचं "बा" याच जातीचं असणार, पैज लावतो.

कोरा_चहा | १० नोव्हेंबर, १३:०२

व्हिपल ३४६! आणि २०१५ च्या मार्चपासून विषम आकडे खरंच दिसतायत. अहो हे भारी आहे.

@निळी_शाई, शून्यं पोरांनी टायपताना पडली असतील असं धरून चाललो होतो.

पेशीकेंद्र | १० नोव्हेंबर, १४:२०

एक्सेलचं नाव निघालंच आहे तर आमच्या घरातलं रडगाणं. मी पुण्यात जीनोमचं, म्हणजे सजीवाच्या सगळ्या जनुकीय मजकुराचं काम करते. माणसाच्या जनुकांत सेप्ट-२, मार्च-१ अशी नावं होती. एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा व्हायच्या: २ सप्टेंबर, १ मार्च. हा घोळ २००४ साली छापून आला होता, तरी २०१६ मध्ये तपासलं तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या पेपरांपैकी सुमारे एक पंचमांशांत तो निघाला. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. सेप्ट-२ चं सेप्टिन-२ झालं, मार्च-१ चं मार्चएफ-१.

खडूस_आजोबा | १० नोव्हेंबर, १४:३३

म्हणजे लाखो वर्षांची उत्क्रांती एका बाजूला आणि एक्सेल एका बाजूला, माघार उत्क्रांतीची.

लीड्सकर | १० नोव्हेंबर, १९:४७

आमच्याकडचं ऐका. इंग्लंडात २०२० च्या सप्टेंबरअखेरीस कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळाले. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती एक्सेलच्या जुन्या फाइलीत भरली जात होती. त्या फाइलीत ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी चुपचाप गायब. नुसता आकडा चुकला असता तर ठीक होतं, पण या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना फोनच गेले नाहीत, तोवर ते गावभर फिरत होते.

अवांतर: कोरा_चहा, वजन आहे पण उंची नाही का? बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) काढता आला असता.

कोरा_चहा | १० नोव्हेंबर, २०:१०

उंची नाही. वजनसुद्धा चपला घालून की काढून, देव जाणे.

मोजपट्टी | १० नोव्हेंबर, २१:०५

बीएमआय हुकला म्हणून फार हळहळू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडसडीत. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक यांच्या गटानं गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्यात दिसलं की आपली बाळं वजनाला हलकी, पण चरबी त्यामानानं टिकवून जन्मतात. गोऱ्यांच्या मापाचा सदरा आपल्या अंगावर बसत नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं.

पेशीकेंद्र | १० नोव्हेंबर, २१:३०

+१. जीनोमचंही तेच दुखणं आहे. आजाराचा धोका सांगणारे स्कोअर बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांवर तयार झालेत, आपल्याकडे लावले की डळमळतात. म्हणून तर जीनोम-इंडिया प्रकल्पात दहा हजारांवर भारतीयांचे जीनोम वाचले. जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांसाठी खुला झाला, फरीदाबादच्या केंद्रात ठेवलाय.

टपोरी_टेस्टर | ११ नोव्हेंबर, ००:१२

एवढं कशाला करताय? एआय आहे ना. प्रथिनाची घडी कशी पडते हा पन्नास वर्षांचा प्रश्न अल्फाफोल्ड नावाच्या एआयनं सोडवला, २०२४ चं नोबेलही घेऊन गेले. चौदा वह्या फेका त्याच्या तोंडात.

पेशीकेंद्र | ११ नोव्हेंबर, ०८:४०

टपोरी, अल्फाफोल्डनं खाल्लं काय ते बघ आधी. प्रथिनांच्या रचनांची सार्वजनिक बँक १९७१ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. सात! पुढची पन्नास वर्षं जगभरच्या लोकांनी स्फटिक वाढवले, क्ष-किरण सोडले आणि एकेक रचना त्या बँकेत जमा केली. एकेका रचनेवर कुणाची तरी पीएचडी खर्ची पडलीय. रचना वेडीवाकडी नाही ना, हे तपासायला १९६३ चा आपल्या जी. एन. रामचंद्रन यांचा आलेख आजही वापरतात. अशा लाख-दीड लाख निवडलेल्या रचना आयत्या मिळाल्या म्हणून यंत्र शिकलं. घरात कुणीतरी तांदूळ निवडून ठेवलेले असले की कुकर लावणाऱ्याचं कौतुक सोपं असतं. कोरा_चहाकडे अजून सूपसुद्धा नाही.

टपोरी_टेस्टर | ११ नोव्हेंबर, ०८:५५

बरं बाई. सूप आणतो.

रानवाटा | ११ नोव्हेंबर, १०:३०

मी गडचिरोलीकडचा. वह्यांना रद्दी म्हणणाऱ्यांसाठी लिहितो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. बाळांना तपासणाऱ्या आणि नोंदी ठेवणाऱ्या बाया त्याच गावच्या, शिक्षण पाचवी ते दहावी. तुलनेला ४७ गावं वेगळी ठेवली होती. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला: तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. सगळा डेटा कागदावरचा. पण जन्म किती आणि मृत्यू किती, ही मोजणी पक्की होती.

उलट बाजूही सांगतो. सापानं किती माणसं मरतात? दवाखान्यांच्या नोंदीवरून काढाल तर थोडकी. दशलक्ष मृत्यू अभ्यास म्हणून एक मोठं काम झालं. त्यात मृत्यू झालेल्या घरी जाऊन घरच्यांना विचारायचं, काय झालं, कसं झालं, ते लिहून आणायचं आणि दोन डॉक्टरांनी वेगवेगळं वाचून कारण ठरवायचं. त्यातून २००५ या एका वर्षाचा अंदाज निघाला सुमारे ४६ हजार सर्पदंश मृत्यू, सरकारी आकड्याच्या कितीतरी पट. बहुतेक माणसं दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती. तुमच्या चौदा रजिस्टरांत साप चावून मेलेला माणूस सापडणार नाही, कारण तो मांत्रिकाकडे किंवा वाटेतच गेला.

कोरा_चहा | ११ नोव्हेंबर, १०:५२

शोधलं. अकरा वर्षांत सर्पदंश ६३, मृत्यू शून्य. आत्ता पोटात कसंतरी झालं.

सदाशिव_पेठी | ११ नोव्हेंबर, १२:२०

नावं काढलीत का? एथिक्स कमिटीची परवानगी? पेपर म्हणताय म्हणून विचारतो. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा. ओळख पुसलेल्या जुन्या नोंदी असतील तर प्रत्येकाची संमती घेण्यातून सूट मिळू शकते, पण ती सूट कमिटीनं द्यायची असते. आपली आपण घ्यायची नसते. आणि नाव काढलं म्हणजे ओळख गेली असंही नाही. चारशे उंबऱ्यांच्या गावात "बाई, ७०, डावा हात नाही" म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवेल.

कोरा_चहा | ११ नोव्हेंबर, १२:४५

नावं काढून नंबर दिलेत, पण कमिटीचं डोक्यातच नव्हतं. मित्राला सांगतो. आणि टाइप करणाऱ्या पोरांच्या लॅपटॉपवरच्या फायली आजच उडवायला लावतो.

सदाशिव_पेठी | ११ नोव्हेंबर, १२:४७

आजच नव्हे. आत्ता.

कातरवेळ | ११ नोव्हेंबर, १६:००

"बा" राहिलं की हो बाजूला! बाहेरगावचा असेल का? बाहेरगावचा माणूस परत येत नाही, म्हणून "बरा" दिसतो. मोजपट्टींच्या दम्यासारखं.

मोजपट्टी | ११ नोव्हेंबर, १६:१४

वा! गावाचा कॉलम आहेच, ताडून बघा. बाजारच्या दिवशी आलेला असंही असू शकेल, वारही काढा. महिन्यांचंही बघून घ्या.

कोरा_चहा | १२ नोव्हेंबर, २२:३०

बाहेरगाव नाही. "बा" सगळ्यात जास्त दवाखान्याच्या स्वतःच्या गावात आहे, लांबच्या गावांना कमी. बाजारही नाही, सगळ्या वारी सारखंच. महिन्यांत मात्र चढउतार आहे. जूनपासून वाढतं, जुलै-ऑगस्टला कळस, ऑक्टोबरअखेर झपकन खाली. पावसाळी आजार म्हणावं तर मोडलेला हात आणि दुखरी दाढ यांनाही "बा" आहे.

टपोरी_टेस्टर | १२ नोव्हेंबर, २२:४१

बादली. छत गळत होतं.

कपाशीवाला | १३ नोव्हेंबर, ०५:५०

नेहमी वाचतो, लिहीत नाही. शेती करतो, मशीन लर्निंग कळत नाही. पण जूनला वाढतं, सोयाबीन विकलं की उतरतं, आणि ओळखीच्या गावकऱ्याला जास्त, परक्याला कमी. आमच्याकडं असं एकच असतं. किराणावाल्याच्या वहीत बघा.

बाकी.

मोजपट्टी | १३ नोव्हेंबर, ०७:१२

…

निळी_शाई | १३ नोव्हेंबर, ०७:३०

अगं बाई. म्हणजे केसपेपरची आणि औषधाची उधारी! कोरा_चहा, तिथला जुना कंपाउंडर कुणी आहे का बघा हो.

कोरा_चहा | १३ नोव्हेंबर, २१:४०

आहेत. मित्रानं शोधून काढले, लेकीकडे राहतात. आज फोनवर बोललो. मी "बा" म्हणताच हसले. "बाकी हो. डॉक्टर कुणाला परत पाठवायचे नाहीत, पण ट्रस्टला हिशेब द्यावा लागायचा, म्हणून मी लिहून ठेवायचो." मी विचारलं, हे लोक परत का येत नव्हते? म्हणाले, "दहा-वीस रुपये मागचे द्यायचे असले की माणूस दारावरनं जात नाही. लाजतो. मग शेजारच्या गावी इंजेक्शनवाल्याकडं जायचा, न्हाईतर दुखणं अंगावर काढायचा."

म्हणजे माझं मॉडेल ज्यांना भराभर बरे झालेले म्हणत होतं, ते हे.

आणि निळीताई, तुमच्या पाया पडतो. शेवटी ते म्हणाले, "पैसे दिले की मी त्याच्यापुढं गोल करायचो. बा आणि पुढं शून्य." पोरांनी इमानेइतबारे "बा०" टाइप केलं होतं. मी ते कचरा म्हणून उडवलं.

खडूस_आजोबा | १३ नोव्हेंबर, २१:५५

आज विनोद सुचत नाही.

लीड्सकर | १३ नोव्हेंबर, २२:२०

मूळ फाइल ठेवली आहेस ना? स्क्रिप्ट चालवायच्या आधीची?

कोरा_चहा | १३ नोव्हेंबर, २२:२६

तिच्यावरच सेव्ह केलं होतं. बँकेत असं केलं असतं तर नोकरी गेली असती. पोरांकडच्या प्रती परवा सदाशिवरावांच्या धाकानं उडवल्या. पानांचे फोटो आहेत, शेरे पुन्हा बघून भरावे लागतील.

सदाशिव_पेठी | १३ नोव्हेंबर, २२:३१

धाक योग्यच होता. बॅकअप ठेवू नका असं म्हटलं नव्हतं.

मोजपट्टी | १३ नोव्हेंबर, २२:५०

"बरा" हा शब्द फाइलीतून काढून टाका, "परत आला / आला नाही" एवढंच ठेवा. मग तीन गट पाडा: बाकी नाही, बाकी फिटली, बाकी राहिली. फिटलेले परत येतात आणि राहिलेले येत नाहीत असं निघालं तर मित्राला लिहायला खरा विषय मिळेल. पण गोल कधी केला त्याची तारीख वहीत नसणार. परत आला तेव्हाच पैसे देऊन गोल करून घेतला असेल तर आधी काय, नंतर काय, याचा गुंता होईल. कंपाउंडरकाकांना विचारा, लोक पैसे द्यायला वेगळे यायचे की पुढच्या दुखण्याला?

कोरा_चहा | १४ नोव्हेंबर, ०९:०५

विचारलं. म्हणाले, दोन्ही. पण दिवाळीच्या आधी बरेच जण नुसते पैसे द्यायला यायचे, तेव्हा ते हिरव्या पेनानं गोल करायचे.

फोटो ब्लॅक अँड व्हाइट काढलेत.

निळी_शाई | १४ नोव्हेंबर, ०९:२०

रजिस्टरं अजून माळ्यावर आहेत ना? मग पुन्हा काढा फोटो, रंगीत. वाळवीची दोन आधी घ्या.

टपोरी_टेस्टर | १४ नोव्हेंबर, ०९:३१

शनिवारी मोकळा आहे. गाव कुठलं ते व्यक्तिगत निरोपात कळव, मोबाइलचा स्टँड आणि दोन टेबललॅम्प घेऊन येतो. सूपही आणतो.